कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकावर ‘३५ मिमी समतुल्य’ का लिहिलेलं असतं? ऑस्कर बार्नाकची गोष्ट

छोटा डिजिटल कॅमेरा घ्यायचा म्हणून दोन मॉडेलची माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवली, की एक विचित्र गोष्ट दिसते. एकाच्या लेन्सवर ४.३ मिमी लिहिलेलं असतं, दुसऱ्याच्या लेन्सवर ८.८ मिमी. आकडे दुप्पट फरकाचे. पण माहितीपत्रकात दोघांपुढेही एकच मजकूर असतो : ३५ मिमी समतुल्य, २४ मिमी. म्हणजे लेन्स वेगवेगळ्या असल्या तरी दोन्ही कॅमेऱ्यांतून समोरचं दृश्य सारख्याच रुंदीचं दिसणार.

आता दोन्ही कॅमेऱ्यांत फिल्म नाही, आणि ३५ मिलिमीटर मापाचा एकही भाग नाही. मग तुलना ३५ मिमीशी का?

कारण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका गावात, सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कारखान्यात, एका मेकॅनिकने सिनेमाची फिल्म आडवी धरून पाहिली. त्यातून जी चौकट जन्माला आली ती आजही कॅमेऱ्यांच्या जगाची मोजपट्टी आहे. त्या माणसाचं नाव ऑस्कर बार्नाक आणि त्याच्या कॅमेऱ्याचं नाव लायका. कॅमेरा लहान करायचा तर काय सोडायचं आणि काय काही झालं तरी सोडायचं नाही, हा दोन कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांतून एक निवडताना पडणारा प्रश्न त्याने आयुष्यभर सोडवला.

चित्रकार व्हायचं होतं, मेकॅनिक झाला

बार्नाकचा जन्म १ नोव्हेंबर १८७९ रोजी बर्लिनच्या दक्षिणेला असलेल्या लिनोव या खेड्यात झाला. लहानपणी त्याला निसर्गचित्रकार व्हायचं होतं. पण साध्या घरातल्या मुलाला रंग आणि कॅनव्हासवर पोट भरता येईल असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. हाताला काम देणारा धंदा शिकणं शहाणपणाचं ठरलं आणि ऑस्कर बर्लिनजवळच्या लिख्टरफेल्डे इथे खगोलशास्त्राची उपकरणं बनवणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारीला लागला.

उमेदवारी संपल्यावर त्या काळच्या जर्मन रिवाजाप्रमाणे तो गावोगाव फिरत काम करत राहिला. व्हिएन्ना, टायरॉल, सॅक्सनी असा प्रवास करत १९०२ मध्ये तो येना शहरात पोचला आणि कार्ल झाइस या नामांकित कंपनीत रुजू झाला. भिंगांच्या दुनियेत झाइस म्हणजे त्या वेळचं काशीक्षेत्र. बार्नाकने तिथे आठ-नऊ वर्षं काढली. ही कंपनी त्याच्या आयुष्यात पुढे पुन्हा येणार होती, पण प्रतिस्पर्धी म्हणून.

रविवारची पायपीट आणि दमा

येनाच्या आसपास थुरिंगियाचं जंगल आहे. सुट्टीच्या दिवशी बार्नाक तिथे फोटो काढायला जायचा. चित्रकलेची हौस आता कॅमेऱ्यावर भागवायची होती.

पण १९०५ च्या सुमाराचा कॅमेरा म्हणजे काय होतं? त्याच्याकडे १३ × १८ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेट घेणारा कॅमेरा होता. तो कॅमेरा, काचा भरलेले सहा दुहेरी होल्डर, तिवई, आणि हे सगळं कोंबलेली चामड्याची भलीमोठी पेटी. इतकं ओझं वाहून दिवसाचे फोटो किती? सहा होल्डरचे बारा. बार्नाकला दम्याचा त्रास होता. चढावर ती पेटी घेऊन चालताना त्याचा श्वास अडकायचा.

त्याने पहिला उपाय अगदी साधा करून पाहिला. एकाच मोठ्या प्लेटवर एकेक करून पंधरा-वीस छोटे फोटो उमटवायचे आणि नंतर ते मोठे करून छापायचे. प्रयोग फसला. त्या काळच्या प्लेटवरच्या रसायनाचे दाणे जाड होते. छोटा फोटो मोठा केला की दाणेही मोठे व्हायचे आणि चेहऱ्यावर वाळू भुरभुरल्यासारखं दिसायचं.

या फसलेल्या प्रयोगाने त्याला एक पक्की गोष्ट शिकवली. छायाचित्र टिपणारा पृष्ठभाग लहान केला की बाकी सगळं आहे तसं ठेवून चालत नाही. फिल्मचे दाणे बारीक हवेत, लेन्स अधिक तीक्ष्ण हवी आणि कॅमेऱ्याची घडण अधिक काटेकोर हवी.

सिनेमाची फिल्म आडवी केली आणि...

झाइसमध्ये बार्नाकचा एमिल मेखाऊ नावाचा सहकारी होता. सिनेमाचा पडद्यावरचा थरथराट कमी करणारा प्रोजेक्टर बनवायचा त्याला ध्यास होता. हे काम करायला तो वेट्झलार गावातल्या एर्न्स्ट लाइट्झ यांच्या कंपनीत गेला. ही कंपनी सूक्ष्मदर्शकांसाठी जगभर प्रसिद्ध होती. मेखाऊने तिथे बार्नाकचं नाव सुचवलं आणि जानेवारी १९११ मध्ये बार्नाक लाइट्झच्या प्रयोग विभागाचा प्रमुख म्हणून रुजू झाला.

तिथे त्याच्या हाताला सिनेमाची फिल्म लागली. ही फिल्म ३५ मिमी रुंद असते. दोन्ही कडांना भोकं असतात, त्यामुळे चित्रासाठी मधला २४ मिमीचा पट्टा उरतो. सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्म उभी सरकते आणि प्रत्येक चित्र १८ × २४ मिमीचं उमटतं. पडद्यावर चित्र प्रचंड मोठं करायचं असल्यामुळे ही फिल्म प्लेटपेक्षा बारीक दाण्यांची केलेली होती. बार्नाकला हवं होतं ते नेमकं हेच.

पण १८ × २४ मिमी त्याला फारच तोकडं वाटलं. म्हणून त्याने फिल्म उभी सरकवण्याऐवजी आडवी सरकवली आणि सिनेमाच्या दोन चौकटींची जागा एका फोटोला दिली. २४ × ३६ मिमीची चौकट तयार झाली. आज डिजिटल कॅमेऱ्याच्या दुकानात ज्याला ‘फुल फ्रेम’ म्हणतात ती हीच.

थोडा हिशोब केला तर हे धाडस कळतं. १३ × १८ सेंटिमीटरच्या प्लेटचं क्षेत्रफळ २३,४०० चौरस मिलिमीटर. नव्या चौकटीचं ८६४. म्हणजे बार्नाकने फोटोची जागा सुमारे २७ पटींनी कमी केली होती, आणि तरीही चांगला मोठा फोटो छापता यावा अशी त्याची अट होती.

१९१३-१४ च्या सुमारास पहिला नमुना तयार झाला. संपूर्ण धातूचा, दोन्ही टोकांना गोलाई असलेला, कोटाच्या खिशात मावणारा. लेन्स वापर नसताना आत ढकलता यायची. फिल्म पुढे सरकवायचं बटण फिरवलं की त्याच फेऱ्यात शटरही ताणलं जायचं, त्यामुळे एकाच चौकटीवर चुकून दोन फोटो पडण्याची भीती संपली. हा आदिनमुना आज ‘उर-लायका’ म्हणून ओळखला जातो. सिनेमाची फिल्म किती प्रकाशात नीट उमटते हे आधी थोड्या फिल्मवर तपासून पाहण्यासाठीच हे यंत्र मुळात बनवलं गेलं, असंही एक मत आहे.

सिनेमाच्या फिल्मवर स्थिरचित्र काढण्याची कल्पना एकट्या बार्नाकला सुचली होती असं मात्र नाही. त्याच सुमारास अमेरिकेत ‘टूरिस्ट मल्टिपल’ नावाचा कॅमेरा विकायला आला होता, आणि त्यात एका रिळावर ७५० फोटो निघायचे. फ्रान्समध्येही असे प्रयत्न चालू होते. त्यातलं बहुतेक काही टिकलं नाही. बार्नाकच्या नमुन्यात चौकटीचं माप, फिल्म सरकवण्याची पद्धत आणि खिशात मावणारा देह या तिन्ही गोष्टींचा मेळ बसला होता.

दहा वर्षं कपाटात

१९१४ मध्ये एर्न्स्ट लाइट्झ दुसरे, म्हणजे संस्थापकांचे चिरंजीव, असाच एक नमुना घेऊन अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांनी तो वापरून पाहिला. इकडे बार्नाक वेट्झलारमध्ये फोटो काढत होता. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम भिंतीवर लागल्याचा क्षण त्याने टिपला. तिवई लावून, काळं कापड डोक्यावर घेऊन असा फोटो काढता आला नसता.

मग पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि छोट्या कॅमेऱ्याचा विषय मागे पडला. १९२० मध्ये वेट्झलारमध्ये पूर आला. बार्नाक आपला छोटा कॅमेरा घेऊन बाहेर पडला आणि पाण्यात बुडालेल्या गल्ल्यांचे एकामागून एक फोटो काढत राहिला. पुढे ज्याला वृत्तछायाचित्रण म्हटलं गेलं त्याच्या सुरुवातीच्या खुणा या फोटोंमध्ये दिसतात.

१९२३-२४ मध्ये कंपनीने चाचणीसाठी पंचवीसेक कॅमेरे बनवले. त्यांना ‘झिरो सिरीज’ म्हणतात. ते जाणकारांना आणि व्यावसायिक छायाचित्रकारांना वापरायला दिले गेले. प्रतिसाद फारसा उत्साहाचा नव्हता. या कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकवताना लेन्सवर टोपण घालावं लागायचं, नाहीतर शटरच्या फटीतून प्रकाश आत शिरून फोटो खराब व्हायचा. त्याहून मोठा आक्षेप निगेटिव्हच्या मापाला होता. तळहाताएवढ्या काचा हाताळायची सवय असलेल्यांना टपाल तिकिटाएवढी निगेटिव्ह खेळण्यासारखी वाटली.

याच नमुन्यांपैकी १०५ क्रमांकाचा कॅमेरा बार्नाक स्वतः वापरायचा. त्याच्या व्ह्यूफाइंडरवर त्याचं नाव कोरलेलं आहे. जून २०२२ मध्ये तो लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना विकला गेला आणि तोवरचा जगातला सर्वांत महागडा कॅमेरा ठरला.

एक निर्णय, ज्यावर कारखाना अवलंबून होता

जून १९२४. जर्मनीने नुकतीच भयंकर चलनवाढ सोसली होती. बचती मातीमोल झाल्या होत्या आणि कारखान्यांकडे मागणी नव्हती. अशा वेळी लाइट्झ कंपनीसमोर प्रश्न होता : सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्यांनी, कुणी मागितलेला नसताना, एका नव्या तऱ्हेच्या कॅमेऱ्यावर पैसा लावायचा का?

बैठक लांबली. विरोध करणाऱ्यांचे मुद्दे खोटे नव्हते. कॅमेऱ्याचा धंदा कंपनीला ठाऊक नव्हता, आणि हा कॅमेरा विकायचा तर सोबत एनलार्जरही बनवावा लागणार होता, कारण इतकी छोटी निगेटिव्ह तशीच कागदावर छापून उपयोग नव्हता. दुसऱ्या बाजूला, काम नसलेल्या कुशल कारागिरांना काम मिळणार होतं. शेवटी एर्न्स्ट लाइट्झ यांनी जोखीम घ्यायचं ठरवून बैठक संपवली.

१ मार्च १९२५ रोजी लाइपझिगच्या वसंत मेळ्यात हा कॅमेरा लोकांसमोर आला. लाइट्झ आणि कॅमेरा या दोन शब्दांची पहिली अक्षरं जोडून नाव ठेवलं गेलं, लायका. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. टोपणाची कटकट गेली होती, कारण आता शटर ताणलं जाताना त्याची फट आपोआप बंद राहायची.

लेन्स बनवली होती माक्स बेरेक याने. हा लाइट्झमधला प्रकाशशास्त्रज्ञ. बार्नाकने निगेटिव्ह लहान केली खरी, पण ती मोठी करून छापली तरी रेषा धारदार राहिल्या पाहिजेत, हे ओझं बेरेकच्या खांद्यावर पडलं. छोट्या निगेटिव्हवर मिलिमीटरच्या तिसाव्या भागाहून मोठा ठिपका पुसट मानायचा, असा कडक हिशोब धरून काम झालं. त्याची ५ सेंटिमीटरची लेन्स, जी पुढे एल्मार नावाने गाजली, ती नसती तर बार्नाकचा कॅमेरा नुसता सुबक डबा राहिला असता.

पहिल्या वर्षी कॅमेरे जेमतेम हजारभर बनले. मग मागणी वाढत गेली. १९३० मध्ये लेन्स बदलता येऊ लागली, पण सुरुवातीला एक अडचण होती : प्रत्येक लेन्स एका ठरावीक कॅमेऱ्याशीच जुळवलेली असायची. १९३१ मध्ये लेन्सची बैठक आणि फिल्म यांतलं अंतर २८.८ मिमी असं पक्कं ठरलं आणि कुठलीही लायका लेन्स कुठल्याही लायका कॅमेऱ्याला बसू लागली.

१९३२ : दुकानात दोन कॅमेरे

१९३२ मध्ये लायकाचं दुसरं मॉडेल आलं. त्यात अंतरमापक थेट लेन्सशी जोडलेला होता. व्ह्यूफाइंडरशेजारच्या छोट्या खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा लेन्स फिरवून एकमेकींवर आणल्या की फोकस जुळला. तोवर अंतर अंदाजाने किंवा वेगळं उपकरण लावून मोजावं लागायचं.

त्याच वर्षी समोर प्रतिस्पर्धी उभा राहिला. कॉन्टॅक्स. बनवणारी कंपनी झाइस इकॉन, म्हणजे ज्या झाइसमध्ये बार्नाकने उमेदीची वर्षं काढली होती त्याच घराण्यातली. हाइन्झ क्युपेनबेंडर या अभियंत्याने तो घडवला होता आणि लायकावर मात करायचीच या इराद्याने घडवला होता.

त्या वेळी पैसे जमवून छोटा कॅमेरा घ्यायला निघालेल्या माणसासमोर तुलना अशी दिसत असणार :

शटर : लायकाचं जास्तीत जास्त सेकंदाच्या ५०० व्या भागाचं, कॉन्टॅक्सचं हजाराव्या भागाचं. लायकाचा पडदा रबर लावलेल्या कापडाचा आणि आडवा सरकणारा. कॉन्टॅक्सचा धातूच्या पट्ट्यांचा, दुकानाच्या शटरसारखा उभा सरकणारा.

लेन्स बदलणं : लायकाची आट्यांवर फिरवून बसवायची, वेळ लागायचा. कॉन्टॅक्सची थोडीशी फिरवली की खटकन बसायची.

फिल्म भरणं : लायकाचं तळाचं झाकण काढून फिल्म आत सरकवावी लागायची आणि तिचं टोक आधी कात्रीने कापून घ्यावं लागायचं. कॉन्टॅक्सची अख्खी पाठ निघायची.

अंतरमापक : कॉन्टॅक्सच्या दोन खिडक्यांमधलं अंतर जास्त, म्हणून मोजमाप अधिक अचूक.

लेन्स : झाइसच्या लुडविग बेर्टेले याने झोनार नावाची लेन्स बनवली होती. त्या काळी भिंगांवर परावर्तन रोखणारा लेप नसायचा. हवा आणि काच जिथे भेटतात अशा प्रत्येक पृष्ठभागावर थोडा प्रकाश परतायचा आणि फोटो फिकट व्हायचा. बेर्टेलेने भिंगं एकमेकांना चिकटवून असे पृष्ठभाग कमी केले. त्यामुळे १.५ इतकं मोठं छिद्र असूनही चित्र ठसठशीत यायचं. लाइट्झकडे तेव्हा तोडीस तोड काही नव्हतं.

कागदावर कॉन्टॅक्सने सामना एकतर्फी जिंकला होता. पण वापरात चित्र बदललं. पहिल्या कॉन्टॅक्सचं शटर नाजूक निघालं. त्याच्या पट्ट्या ओढणाऱ्या फिती झिजायच्या, तुटायच्या. कंपनीला चार वर्षांत त्या मॉडेलमध्ये वारंवार बदल करावे लागले. अंगानेही तो जड आणि चौकोनी होता. लायकाचं शटर दिसायला साधं, पण वर्षानुवर्षं चालणारं होतं, आणि दुरुस्त करायला सोपं.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात ठळक दिसत नसे. जुना लायका कारखान्यात पाठवला की तो नव्या मॉडेलच्या बरोबरीचा करून मिळायचा. बार्नाकने मूळ सांगाडाच असा विचारपूर्वक केला होता की पुढच्या सुधारणा त्यात बसवता याव्यात. एकदा घेतलेला कॅमेरा दोन वर्षांत जुनापुराणा ठरत नव्हता.

म्हणून कॉन्टॅक्स हरला असंही नाही. १९३६ मध्ये आलेला त्याचा दुसरा अवतार खूपच भरवशाचा होता. रॉबर्ट कापाने ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरताना सोबत नेला तो कॉन्टॅक्सच. दुसरीकडे आंरी कार्तिए-ब्रेसाँने तिशीच्या दशकात लायका हाती घेतला आणि तो त्याच्या नावाशी कायमचा जोडला गेला. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींच्या हत्येच्या काही वेळ आधी त्यांना भेटलेला आणि त्यानंतरचे दिल्लीतले शोकाकुल दिवस टिपणारा छायाचित्रकार तोच. ज्याला लोकांच्या नकळत, हलक्या हाताने काम करायचं होतं त्याला लायका सोयीचा. ज्याला कमी उजेडात मोठ्या छिद्राची लेन्स हवी होती त्याला कॉन्टॅक्स.

बार्नाकचा शेवट आणि त्याची चौकट

बार्नाकने स्पर्धेला उत्तर देताना घाई केली नाही. १९३३ च्या मॉडेलमध्ये एका सेकंदापर्यंतची संथ गती आली. देह तोच, हाताळणी तीच. त्याची प्रकृती मात्र कधीच धड राहिली नव्हती. जानेवारी १९३६ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी, न्यूमोनियाने त्याचं निधन झालं. चित्रकार व्हायला निघालेला, दम्याने बेजार असलेला हा माणूस कधी कंपनीचा मालक झाला नाही की व्यासपीठावर फारसा दिसला नाही. आयुष्यातली शेवटची पंचवीस वर्षं त्याने एकाच कारखान्यात काढली.

पण त्याच्या मृत्यूपूर्वीच ती चौकट त्याच्या हाताबाहेर, जगभर गेली होती. १९३४ मध्ये कोडॅकने ३५ मिमी फिल्म तयार डबीत भरून विकायला सुरुवात केली आणि ती डबी लायका, कॉन्टॅक्स या दोन्हींत चालायची. त्याच वर्षी सोव्हिएत युनियनमधल्या खारकिव्हमध्ये लायकाची नक्कल असलेला फेड कॅमेरा बनू लागला.

जपानमध्ये गोरो योशिदा नावाच्या तरुणाने एक लायका उघडून आत काय आहे ते पाहिलं आणि तसा कॅमेरा आपणही करू शकतो असं ठरवलं. त्याच्या १९३४ च्या नमुन्याचं नाव होतं क्वानोन, म्हणजे करुणेची बौद्ध देवता. आपल्या अजिंठ्याच्या भिंतीवर जो अवलोकितेश्वर आहे, तोच चीनमार्गे जपानमध्ये कान्नोन झाला. लेन्सला नाव दिलं होतं कश्यपा, बुद्धाच्या महाकाश्यप या शिष्यावरून. पुढे क्वानोनचं कॅनन झालं.

निकॉनने १९४८ मध्ये पहिला कॅमेरा काढला तेव्हा त्याच्या अभियंत्यांनी आधी दोन्ही जर्मन कॅमेऱ्यांची तुलना केली. बाहेरचा घाट आणि लेन्सची बैठक कॉन्टॅक्सच्या वळणाची घेतली, आत शटर मात्र लायकासारखं कापडी बसवलं. १९३२ च्या त्या सामन्याचा याहून नेमका निकाल क्वचितच कुणी लावला असेल.

मग आज दोन कॅमेऱ्यांतून निवडायचं कसं?

आता पुन्हा माहितीपत्रकांकडे. फिल्मची जागा सेन्सरने घेतली आहे, पण बार्नाकची चौकट मोजपट्टी म्हणून उरली आहे. पहिल्या छोट्या कॅमेऱ्यातल्या १/२.३ इंची म्हणवल्या जाणाऱ्या सेन्सरचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिलिमीटर असतं. दुसऱ्यातल्या ‘एक इंची’ सेन्सरचं सुमारे ११६. (हा सेन्सर कुठूनही एक इंच नसतो. तो १३.२ × ८.८ मिमीचा असतो. हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून चालत आलं आहे.) बार्नाकची चौकट ८६४ चौरस मिलिमीटर.

सेन्सर जितका लहान तितकं छोट्या लेन्सने तेच दृश्य टिपता येतं. म्हणूनच ४.३ मिमीची लेन्स आणि ८.८ मिमीची लेन्स, दोन्ही २४ मिमी समतुल्य ठरतात. याचा फायदा खरा आहे : लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात तीसपट झूमसुद्धा खिशात मावतो. मोठ्या सेन्सरच्या, त्याच आकाराच्या कॅमेऱ्यात झूम बहुधा कमी मिळतो. पण दोघांवरही २० मेगापिक्सेल लिहिलेलं असलं, तरी पहिल्यात तेवढेच बिंदू चौपट लहान जागेत दाटीने बसवलेले असतात. भर उन्हात फरक फारसा जाणवत नाही. संध्याकाळी घरात, लग्नाच्या मंडपात, रात्रीच्या रस्त्यावर मात्र लहान सेन्सरच्या फोटोत तोच दाणेदारपणा दिसू लागतो, जो बार्नाकला त्याच्या फसलेल्या प्लेटवर दिसला होता.

त्यामुळे दोन माहितीपत्रकं वाचताना मेगापिक्सेल आणि झूमचे मोठे आकडे बाजूला ठेवून आधी सेन्सरचं माप शोधावं. मग लेन्सच्या छिद्राचा आकडा पाहावा. तो जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो. फोटो कुठे काढले जाणार आहेत, पक्षी आणि खेळ दुरून टिपायचे आहेत की घरातली माणसं कमी उजेडात, हे ठरवलं की अर्धं काम होतं. त्यानंतर कॅमेरा प्रत्यक्ष हातात धरून पाहावा, खिशात घालून पाहावा, बॅटरी आणि दुरुस्ती आपल्या गावात मिळते का ते विचारावं. कॉन्टॅक्सच्या फितींची गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली नव्हती.

बार्नाकच्या नावाने १९७९ पासून, म्हणजे त्याच्या जन्मशताब्दीपासून, छायाचित्रणाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार दिला जातो. उर-लायका आजही वेट्झलारमध्ये जपून ठेवलेला आहे.